दाताच्या इम्प्लांटभोवतीचं हाड कसं मोजायचं: तालुक्याच्या दवाखान्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

इम्प्लांट (गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात घातलेला टायटॅनियमचा स्क्रू) बसवल्यावर पहिल्या वर्षात त्याच्या मानेभोवतीचं हाड थोडंफार उतरतं. हे जवळपास सगळ्यांच्या बाबतीत घडतं आणि तेवढ्यानं घाबरायचं कारण नसतं. खरा प्रश्न पुढचा आहे: उतरलेलं हाड तिथंच थांबलं, की वर्षागणिक खाली सरकत राहिलं? नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही, हलवून पाहूनही कळत नाही. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती जो तंतूंचा पडदा असतो तो इम्प्लांटला नसतो. त्यामुळे निम्मं हाड गेलं तरी इम्प्लांट घट्ट असतो आणि बहुतेक वेळा दुखतही नाही. एक्स-रे फोटो काढू म्हटलं की पेशंट विचारतो, "दुखत तं नाही ना जी, मंग कायले फोटो?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाला त्याचं उत्तर नीट मिळालंच पाहिजे: दुखायला लागेपर्यंत थांबलो, तर वाचवण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

विदर्भात दारव्हा, आर्वी, मेहकर, मूल अशा गावांत दवाखाना चालवणाऱ्या सहकाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचं त्रिमितीय चित्र काढणारं मशीन, आपल्याकडे नसतं. भिंतीवरचं एक्स-रे मशीन, आरव्हीजीचा (दाताच्या डिजिटल एक्स-रेचा) सेन्सर आणि लॅपटॉप असतो. हाड मोजायला एवढं पुरतं. यंत्रापेक्षा शिस्त जास्त लागते, कारण आपल्याला त्याच इम्प्लांटची त्याच्या स्वतःच्या जुन्या फोटोशी तुलना करायची असते. विहिरीचं पाणी दरवर्षी कठड्याच्या त्याच दगडापासून मोजलं, तरच यंदा किती खाली गेलं ते सांगता येतं. हाडाचंही तसंच आहे.

आधी आकडे

संशोधक ब्रानेमार्क यांनी स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९६५ मध्ये पहिल्या माणसाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्यांच्या गटाचा पंधरा वर्षांचा आढावा १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. जखम भरण्याच्या काळात आणि वापराच्या पहिल्या वर्षात मिळून सरासरी १.५ मिमी हाड उतरतं आणि पुढे दरवर्षी सुमारे ०.१ मिमी, असं त्यात दिसलं. १९८६ मध्ये आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी यशस्वी इम्प्लांटचे निकष मांडले. पहिल्या वर्षानंतर दरसाल ०.२ मिमीपेक्षा कमी झीज, हा त्यातलाच एक. आजचे इम्प्लांट यापेक्षा चांगले वागतात. प्लॅटफॉर्मपेक्षा (इम्प्लांटच्या वरच्या सपाट तोंडापेक्षा) अरुंद अबटमेंट (इम्प्लांट आणि वरचा दात जोडणारा भाग) असलेल्या जोडणीत तर पहिल्या वर्षाची झीज बरीच कमी दिसते.

सध्या ज्या व्याख्या वापरतात त्या २०१७ मध्ये शिकागोला झालेल्या जागतिक कार्यशाळेतल्या आहेत. सुरुवातीचा फोटो हाताशी असेल, तर तीन गोष्टी एकत्र पाहायच्या: प्रोब (हिरडीची खोली मोजायची खुणांची बारीक सळई) घातल्यावर रक्त किंवा पू येणं, खोली आधीपेक्षा वाढणं आणि सुरुवातीच्या बदलापलीकडे हाड जाणं. या तिन्ही असतील तर तो पेरी-इम्प्लांटायटिस, म्हणजे इम्प्लांटभोवतीचं हाड खाणारा आजार. सुरुवातीचा बदल २ मिमीच्या आत राहायला हवा, असं त्यात धरलं आहे. जुना फोटोच नसेल, तर रक्त किंवा पू, ६ मिमी किंवा अधिक खोली आणि ३ मिमी किंवा अधिक उतरलेलं हाड असं मिळून निदान करायचं. म्हणजे जुना फोटो नसला की निदान व्हायला ३ मिमी हाड आधी जावं लागतं. सुरुवातीचा फोटो जपून ठेवायचा, तो एवढ्यासाठी.

फोटो कधी काढायचे

पहिला सर्जरीच्या दिवशी. दुसरा, क्राऊन (इम्प्लांटवरचा कृत्रिम दात) बसवला त्या दिवशी आणि हाच आपला मूळ फोटो, पुढची सगळी तुलना याच्याशी. क्राऊन पूर्ण बसला की नाही, कडेला सिमेंट उरलं का, हेही याच फोटोत दिसतं. तिसरा वर्षभरानं. या तिसऱ्याला अनेकदा फाटा दिला जातो, पण सुरुवातीचा बदल संपून हाड कुठं थांबलं ते फक्त त्यातच कळतं. पुढे सगळं शांत असेल तर वर्षा-दोन वर्षांनी. रक्त, पू किंवा वाढलेली खोली दिसली तर लगेच.

वर्षभरानं या असं सांगून आपल्या भागातला माणूस येत नाही. पेरणी, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, या दिवसांतली तारीख दिली तर ती गेलीच समजायची. होळी ते अक्षय्य तृतीया हा त्यातल्या त्यात मोकळा काळ. क्राऊन दिवाळीच्या सुमारास बसला असेल, तर पुढची तपासणी सोळा-सतरा महिन्यांनी होळीनंतर ठेवली तरी बिघडत नाही. न येण्यापेक्षा चार-पाच महिने उशिरा आलेला बरा. पण ज्याला मधुमेह आहे, जो खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) किंवा बिडी सोडत नाही किंवा ज्याचे आधीचे दात हिरड्यांच्या आजारानं गेले आहेत, त्याला ही सवलत देऊ नये. त्याला दर तीन ते सहा महिन्यांनी तपासायचं, फोटो मात्र गरजेनुसारच.

फोटो काढण्याची पद्धत

इथं वेळ द्या. फोटो वाकडा आला तर पुढची सगळी मोजणी वाया जाते.

सेन्सर इम्प्लांटच्या उभ्या अक्षाला समांतर हवा आणि किरण दोघांनाही काटकोनात पडायला हवेत. सेन्सर बोटानं धरून हे जमत नाही. रिंग असलेला होल्डरच लागतो. वरच्या जबड्यात सेन्सर टाळूच्या मध्याकडे सरकवा. खालच्या जबड्यात जीभ बाजूला करून दातांपासून थोडा लांब ठेवा. दातांना चिकटवून ठेवला की तो कलतो. शेजारी दात नसतील तर होल्डरखाली कापसाचा रोल द्या.

समांतर म्हणजे इम्प्लांटला समांतर, क्राऊनला नव्हे. वरच्या पुढच्या दातांत कोन असलेलं अबटमेंट वापरलं असेल, तर क्राऊन एका दिशेला आणि इम्प्लांट दुसऱ्या दिशेला असतो. क्राऊन पाहून होल्डर लावला की फोटो हमखास चुकतो. म्हणून इम्प्लांटचा कल सर्जरीच्या दिवशीच फाइलमध्ये लिहून ठेवा.

दरवर्षी तोच कोन मिळावा यासाठी होल्डरच्या बाइट ब्लॉकवर (दातांत धरायच्या भागावर) थोडी पुट्टी (दातांचा ठसा घ्यायचं मऊ मटेरियल) लावून पेशंटला चावायला सांगा. घट्ट झाली की तो ठसा काढून, निर्जंतुक करून, नाव आणि तारीख लिहिलेल्या पाऊचमध्ये ठेवून द्या. क्राऊनच्या दिवशी एकदा केलं की पुढच्या वर्षी ठसा लावून फोटो काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत. समोरचा दात काढला किंवा नवा क्राऊन बसला तर ठसा जुळणार नाही. तेव्हा नवा करायचा आणि तशी नोंद करायची.

फोटो स्क्रीनवर आला की आधी हाड पाहू नका, इम्प्लांटचे आटे पहा. दोन्ही बाजूंचे आटे करवतीच्या दातांसारखे वेगवेगळे, टोकदार दिसत असतील, तर किरण काटकोनात पडले आहेत. एका बाजूचे स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूचे पुसट असतील, तर उभा कोन थोडा चुकला. दोन्ही बाजूंचे आटे एकमेकांत मिसळून कड सपाट दिसत असेल, तर कोन बराच चुकला. अशा फोटोवर हाड मोजू नये. उभा कोन पाच ते दहा अंशांनी बदलून एकदा परत काढा. मूळ फोटोच्या बाबतीत हा दुसरा प्रयत्न रास्त आहे, पण तिसरा-चौथा काढत बसू नये. आडवा कोनही बघा: शेजारच्या दातांचे क्राऊन एकमेकांवर चढले असतील, तर मधल्या हाडाची कड खरी दिसत नाही.

खर्रा खाणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नागपूर कुठेही जा, सबम्यूकस फायब्रोसिसमुळे (तोंडाचं आतलं अस्तर ताठ होण्याच्या आजारामुळे) तोंड दोन बोटंही न उघडणारे पेशंट दर आठवड्याला भेटतात. त्यांच्या तोंडात मोठा सेन्सर आणि होल्डर मावत नाही. लहान आकाराचा सेन्सर वापरा. तोही जात नसेल तर जसा जमेल तसा फोटो काढून, होल्डरशिवाय काढला, मोजणीस योग्य नाही, अशी स्पष्ट नोंद करा. खरं तर हा विचार इम्प्लांट बसवण्याआधीच व्हायला हवा. ज्या तोंडाचा नीट फोटोही निघत नाही, त्या तोंडात पुढची दहा वर्षं इम्प्लांटवर लक्ष कसं ठेवणार? तोंड किती उघडतं ते मिलिमीटरमध्ये मोजून लिहा आणि आधी खर्रा सोडण्याबद्दल बोला, कळकळीनं बोला. त्या माणसासमोर इम्प्लांटपेक्षा मोठा धोका उभा असतो.

विजेचंही बघायला हवं. जुन्या पद्धतीच्या एक्स-रे मशीनला व्होल्टेज कमी मिळालं की किरणांचा जोर घटतो. कृषिपंप सुरू असण्याच्या वेळात गावाकडे हे रोजचंच आहे. मशीनला चांगला स्टॅबिलायझर लावा आणि त्याच इम्प्लांटसाठी दरवेळी तेवढाच एक्स्पोजर टाइम ठेवा. जास्त एक्स्पोजरमध्ये हाडाची पातळ कड जळून नाहीशी होते आणि नसलेली झीज दिसते.

मोजणी

प्रथम शून्य ठरवा. बोन लेव्हल इम्प्लांटमध्ये (जो हाडाच्या पातळीपर्यंत आत बसतो) प्लॅटफॉर्मची कड म्हणजे शून्य. टिश्यू लेव्हल इम्प्लांटमध्ये मानेचा गुळगुळीत भाग हाडाबाहेरच असतो, म्हणून खडबडीत पृष्ठभाग जिथून सुरू होतो तिथं शून्य धरा. हाड शून्याच्या वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे. इम्प्लांट हाडाच्या पातळीपेक्षा खोल बसवला असेल, तर पहिलं माप अधिक येईल. चिन्ह लिहायला विसरलात तर दोन वर्षांनी त्या आकड्याचा अर्थ कोणालाच लागणार नाही.

आता फोटोचं प्रमाण काढा. स्क्रीनवरचा मिलिमीटर खरा नसतो, कारण सेन्सर आणि इम्प्लांट यांच्यात अंतर असतं. पण इम्प्लांटची खरी लांबी आपल्याला माहीत असते, हा मोठाच फायदा. प्लॅटफॉर्मपासून टोकापर्यंतची लांबी स्क्रीनवर मोजा. खऱ्या लांबीला तिनं भागा आणि जो आकडा येईल त्यानं हाडाच्या मापाला गुणा.

समजा, इम्प्लांट १० मिमीचा आहे. पहिल्या वर्षी स्क्रीनवर त्याची लांबी ११.८ आली आणि हाड शून्यापासून २.० खाली. खरं माप झालं २.० × १० ÷ ११.८, म्हणजे १.७ मिमी. तिसऱ्या वर्षी लांबी १०.३ आली आणि हाड पुन्हा २.० खाली. खरं माप १.९ मिमी. स्क्रीनवर दोन्ही वेळा २.० दिसलं म्हणून काहीच बदललं नाही असं लिहिलं असतं, तर सुमारे पाव मिलिमीटर नजरेतून निसटला असता.

लांबी कॅटलॉगमधून पडताळून घ्या. डब्यावर छापलेली लांबी आणि प्लॅटफॉर्म ते टोक ही खरी लांबी काही कंपन्यांच्या इम्प्लांटमध्ये थोडी वेगळी असते. फोटोत टोक आलं नसेल तर आट्यांमधल्या अंतरावरून प्रमाण काढता येतं. एका आट्यावरून नको, पाच-सहा आटे एकत्र मोजून भागा. आरव्हीजीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाण बसवायची सोय नसेल, तर इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात इम्प्लांटवर रेघ ओढून तिची खरी लांबी भरली की पुढची सगळी मापं आपोआप मिलिमीटरमध्ये येतात. एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या: प्रमाणानं फोटोचा आकार सुधारतो, चुकलेला कोन सुधारत नाही.

हाडाचा बिंदू म्हणजे इम्प्लांटला हाड पहिल्यांदा जिथं घट्ट चिकटलेलं दिसतं ती जागा. शेजारच्या उंच हाडाची कड इथं धरायची नसते. पुढच्या दाताकडची आणि मागच्या दाताकडची अशा दोन बाजू वेगवेगळ्या मोजा आणि वेगवेगळ्या लिहा. सरासरी काढली की एका बाजूचा खोल खड्डा तिच्यात दडून जातो. पेशंटचा निर्णय नेहमी वाईट बाजूवर घ्यायचा.

सॉफ्टवेअरमधले शार्पनचे (कडा ठळक करणारे) फिल्टर मोजताना बंद ठेवा. धातूच्या कडेला ते एक काळी रेघ उमटवतात आणि इम्प्लांट हाडापासून सुटल्याचा भास होतो. अशी रेघ दिसली तर मूळ फोटो उघडा. तिथं ती नसेल तर ती सॉफ्टवेअरनं काढलेली आहे.

आपल्या मापावर किती भरवसा ठेवायचा

हा भाग बहुतेक जण सोडून देतात. जुने दहा फोटो निवडा, मोजा, आकडे बाजूला ठेवा. दोन आठवड्यांनी आधीचे आकडे न पाहता तेच फोटो पुन्हा मोजा. प्रत्येक फोटोच्या दोन मापांतला फरक घ्या, त्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, वीसनं भागा आणि वर्गमूळ काढा. ही तुमच्या हाताची चूक. वीस का, तर दहा फोटोंच्या दुप्पट. समजा ती ०.१५ मिमी आली, तर तिच्या सुमारे २.८ पट, म्हणजे ०.४ मिमीपेक्षा लहान फरक हा हाडातला बदल आहे असं एका जोडीवरून ठामपणे म्हणता येत नाही.

वर दिलेला दरसाल ०.२ मिमीचा निकष आता या नजरेनं पहा. एका वर्षात ०.२ मिमी उतरलं की नाही, हे एका पेशंटच्या दोन फोटोंवरून सांगणं आपल्या साधनांच्या आवाक्याबाहेरचं आहे. उदाहरणातला पाव मिलिमीटरही यातच मोडतो: तो लिहायचा, पण एकट्या त्याच्यावर उपचार ठरवायचा नाही. तीन-चार वर्षांचे आकडे ओळीनं मांडले आणि ते एकाच दिशेनं सरकत असतील, तर मात्र त्याला वजन येतं. म्हणून आकडे एका तक्त्यात उतरवत चला. शिवाय ही चूक फक्त मोजणाऱ्याची आहे. फोटो काढतानाची चूक वेगळी, आणि ती पुट्टीच्या ठशानं कमी होते.

फोटोत जे दिसत नाही

फोटोत इम्प्लांटच्या फक्त दोन बाजू दिसतात. गालाकडची आणि जिभेकडची बाजू इम्प्लांटच्या सावलीत जाते, आणि वरच्या पुढच्या दातांत सर्वांत पातळ हाड गालाकडेच असतं. हाडातलं खनिज साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक कमी झाल्याशिवाय एक्स-रेवर फरक उमटत नाही, हेही आहेच. म्हणून प्रोब हवाच.

इम्प्लांटभोवती सहा ठिकाणी, साधारण पंचवीस ग्रॅम भाराएवढ्या हलक्या हातानं प्रोब घाला. धातूचा चालतो, पण क्राऊन फुगीर असेल तर वाकणारा प्लॅस्टिकचा सोयीचा पडतो. खोली, रक्त, पू हे तिन्ही लिहा. रक्ताचा एखादा ठिपका आणि रेघेसारखं पसरणारं रक्त यांत फरक करा. खोलीचा एकटा आकडा फार सांगत नाही, कारण खोल बसवलेल्या इम्प्लांटमध्ये ४-५ मिमी निरोगी असतानाही मिळू शकतात. क्राऊन बसवल्यावर हिरडी सावरली की पहिली खोली नोंदवा आणि पुढचं त्याच्याशी ताडा.

ओपीजी (पूर्ण जबड्याचा एकच एक्स-रे) यासाठी वापरू नये. त्यातली प्रतिमा पाव पटीच्या आसपास मोठी येते आणि सगळीकडे सारखी मोठी होत नाही. सीबीसीटी गालाकडचं हाड दाखवतं खरं, पण टायटॅनियमच्या कडेला काळे-पांढरे पट्टे येतात आणि नेमकं आपल्याला हवं ते पातळ हाडच नीट दिसत नाही. दरवर्षीच्या तपासणीसाठी पेशंटला त्यासाठी नागपूर-अमरावतीला पाठवणं योग्य नाही, खर्चाच्या दृष्टीनंही आणि किरणांच्या दृष्टीनंही. सर्जरी करायची वेळ आली तर जरूर पाठवा. आयएसक्यू मोजणारं यंत्र इम्प्लांट किती घट्ट आहे ते सांगतं, हाडाची पातळी सांगत नाही.

आकडा वाढला तर

रक्त आहे, पण हाड जागेवर आहे: ही हिरडीची सूज, आणि ती बरी होते. स्वच्छता करा, क्राऊनच्या आकारामुळे ब्रश पोचत नसेल तर आकार सुधारा, इंटरडेंटल ब्रश आरशासमोर वापरून दाखवा. सिमेंटनं बसवलेला क्राऊन असेल तर उरलेलं सिमेंट शोधा. गालाकडचं सिमेंट फोटोत दिसत नाही, एक्सप्लोररनं (टोकदार बारीक हत्यारानं) चाचपावं लागतं. स्क्रू ढिला आहे का, चावताना तोच दात आधी लागतो का, हे तपासा. मधुमेही असेल तर एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतल्या साखरेची तपासणी) करायला सांगा.

रक्त किंवा पू आहे, खोली वाढली आहे आणि मूळ फोटोच्या तुलनेत हाड तुमच्या हाताच्या चुकीवरून काढलेल्या मर्यादेपलीकडे (वरच्या उदाहरणात ०.४ मिमी) उतरलं आहे: उपचार लगेच सुरू करा, आणि सहा ते आठ आठवड्यांनी प्रोबनं पुन्हा पहा. पू थांबत नसेल किंवा खोली कमी होत नसेल, तर पेरिओडॉन्टिस्टकडे (हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे) पाठवा. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगीचं दंत महाविद्यालय इकडून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. नुसती चिठ्ठी देऊ नका, मापांचा तक्ता आणि सगळे फोटो सोबत द्या.

नोंद आणि पेशंटची प्रत

फोटोच्या फाइलला पेशंटचा क्रमांक, दाताचा क्रमांक आणि तारीख हेच नाव द्या. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा आणि बॅकअप दवाखान्याबाहेरही असू द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला एक्स-रे मोजणीच्या कामाचा राहत नाही. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठवा.

इम्प्लांटची कंपनी, व्यास, लांबी, सर्जरीची आणि क्राऊनची तारीख, अबटमेंटचा प्रकार, दोन्ही बाजूंचं हाड आणि सहा ठिकाणची खोली एवढं एका कार्डावर लिहून पेशंटला द्या. मूळ फोटोची फाइल घरातल्या कोणाच्या तरी फोनवर टाका. इकडची मुलं पुण्याला नोकरीला जातात, पुढे आईवडीलही तिकडे जातात. तिथल्या डॉक्टरांसमोर कार्ड आणि फोटो नसेल, तर इम्प्लांट कोणत्या कंपनीचा इथपासून शोध सुरू होतो आणि कुठला स्क्रू-ड्रायव्हर लागेल तेही कळत नाही. दुसरीकडे इम्प्लांट बसवून आपल्याकडे येणाऱ्यांचंही तसंच असतं. जुनं काहीच मिळालं नाही, तर त्याच दिवशी नीट फोटो काढा, सहा ठिकाणी खोली घ्या, वर दिलेला ३ मिमी आणि ६ मिमीचा निकष लावून पहा आणि तो फोटो त्या इम्प्लांटचा मूळ फोटो म्हणून नोंदवा. पुढची तारीख कार्डावर लिहून द्या आणि सोबत आलेल्या माणसालाही सांगा.